'मोफसिल' म्हणजे कोठले?

नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेला लागलेला प्रवासी सावनेर मागे टाकतो. काही वेळाने महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेशाची सुरू होते. पाटीवरची भाषा बदलते, पण बोलण्यातली बदलत नाही. सौंसरच्या बाजारात 'मले', 'तुले' ऐकू येतेच. सौंसरच्या पुढे रामाकोना हे गाव लागते. त्यानंतर सातपुड्याचा घाट चढून गाडी छिंदवाड्याच्या पठारावर जाते. रामाकोन्याला रेल्वेचे स्थानक आहे, हमरस्ता आहे, भोवती संत्र्याच्या बागा आहेत आणि कापसाची शेते आहेत. असे गाव कोणत्या जातीचे, हे इंग्रजीत एका शब्दात सांगायचे झाले, तर जुना इंग्रजी बातमीदार एक चमत्कारिक विशेषण वापरी. ते विशेषण म्हणजे 'मोफसिल'.

हा शब्द आज इंग्लंडातल्या बहुतेक माणसांना ठाऊक नसतो. आपल्याकडील इंग्रजी वर्तमानपत्रांत तो अधूनमधून डोकावतो आणि वाचणारा बहुधा अंदाजाने पुढे जातो. 'मोफसिल गाव', 'मोफसिल न्यायालय', 'मोफसिल बातमीदार' अशा प्रयोगांतून त्याला एवढेच कळते की हे काहीतरी लहान, दूरचे आणि थोडेसे मागासलेले असावे. शाळेतला एखादा मुलगा शब्दकोश उघडतो आणि राजधानीबाहेरचा मुलूख असा अर्थ वाचून तो मिटतो. पण या शब्दाचे कूळ शोधीत गेले, तर ते थेट मराठी माणसाच्या घरात येऊन पोचते आणि मग त्याचा अर्थही जरा निराळा दिसू लागतो. म्हणून आज या एका विशेषणाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम उच्चार. इंग्रजीत या शब्दाचा जोर मधल्या अक्षरावर पडतो. पहिले अक्षर ओझरते उच्चारावयाचे, दुसरे ठासून, आणि तिसरे जवळजवळ गिळावयाचे. जुन्या छापील इंग्रजीत त्याची रूपे अनेक सापडतात, कारण कानाने ऐकलेला परका शब्द ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लिहिला. शब्द विशेषण आहे तसाच नामही आहे. नाम म्हणून येतो तेव्हा तो सहसा एकवचनात येतो आणि त्याच्यामागे निश्चयवाचक उपपद लागते. 'साहेब मोफसिलात गेले आहेत' याचा अर्थ साहेब मुख्य ठाणे सोडून बाहेरच्या मुलखात फिरतीवर आहेत. अमुक गाव तमुक गावापेक्षा 'अधिक मोफसिल' अशी तुलना मात्र कोणी करीत नाही. गाव मोफसिल असते किंवा नसते.

हा शब्द इंग्रजांना कोठून मिळाला? तो हिंदुस्थानीतून उचलला, हिंदुस्थानीत तो फारसीतून आला आणि फारसीत अरबीतून. मूळ रूप 'मुफस्सल'. अरबीत याचा धातू तीन व्यंजनांचा आहे, फ, स आणि ल. तोडणे, वेगळे करणे, भाग पाडणे हा त्या धातूचा अर्थ. इतके कळल्यावर मराठी वाचकाने परक्या मुलखात हिंडण्याचे थांबवावे आणि आपल्याच घरात पाहावे, कारण या धातूची लेकरे तेथे आधीपासूनच नांदत आहेत.

'फसल' हा शब्द घ्यावा. वर्षाचे जे भाग पाडले, ते ऋतू. त्या त्या ऋतूत हाती येते ते पीक, म्हणून पिकालाही फसल म्हणू लागले. सौंसर, पांढुर्णा या भागात मराठी बोलणारा शेतकरीसुद्धा हा शब्द सहज वापरतो. त्यावरूनच महसुलाचे 'फसली' साल आले. ते अकबराच्या काळी सुरू झाले आणि पिकाच्या हंगामाला जुळवून घेतलेले होते. 'फैसला' हा त्यांचाच भाऊ. दोन पक्षांत खरे एकीकडे आणि खोटे दुसरीकडे असे जे वेगळे करणे, तो फैसला. दोन ठिकाणांच्या मधली तूट तो 'फासला'. आणि या कुळातले आपल्या सर्वांत जवळचे माणूस म्हणजे 'तपशील'.

तपशील या शब्दावाचून मराठी कारभार एक दिवस चालत नाही. मोडी कागदांत एकूण रक्कम मांडली की तिच्याखाली 'तपशील' असे लिहून एकेक कलम वेगळे काढीत. इतके रुपये अमक्याला, इतके तमक्याला, इतके तेलवातीला. एकूण आकड्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र दाखवावयाचा, यालाच तपशील म्हणावयाचे. अरबी व्याकरणाच्या दृष्टीने 'तपशील' हे त्या क्रियेचे नाव आहे आणि 'मुफस्सल' हे त्याच क्रियेपासून झालेले विशेषण. तपशील म्हणजे वेगवेगळे करून सांगणे. मुफस्सल म्हणजे वेगवेगळे केलेले, म्हणजेच तपशीलवार.

येथे पहिले आश्चर्य आहे. 'मुफस्सल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, अलग पडलेला. दुसरा, तपशीलवार, सविस्तर. इंग्रजीने यातला पहिला तेवढा घेतला आणि दुसरा वाटेत सांडला.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी या शब्दाच्या जोडीदाराकडे पाहावे लागते. तो जोडीदार म्हणजे 'सदर'. अरबीत याचा अर्थ छाती, पुढचा भाग आणि त्यावरून प्रमुख स्थान. छातीवर घालावयाचा तो सदरा. वाड्यात शिरल्यावर जेथे मालक बैठक घालून कारभार पाहतो, ती सदर. आधी उल्लेख आलेला तो सदरहू इसम. वर्तमानपत्रात ठराविक जागी येणारे लिखाण, तेही सदरच. नागपुरात तर 'सदर' नावाची वस्तीच आहे. सरकारचे मुख्य ठाणे जेथे असे, त्याला सदर ठाणे म्हणत.

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये न्यायदानाची नवी घडी बसविली. जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायालये स्थापन केली, त्यांना 'मुफस्सल' अदालती म्हटले. त्यांच्यावरची अपिले ऐकण्यासाठी कलकत्त्यात जी न्यायालये ठेवली, त्या 'सदर' अदालती. अशा रीतीने सदर आणि मुफस्सल हे शब्द एकमेकांसमोर उभे राहिले. एक प्रमुख, दुसरा त्याच्यापासून वेगळा काढलेला. इंग्रजांच्या कानी पडला तो या जोडीतला मुफस्सल. साहजिकच त्यांच्या भाषेत मुख्य ठाण्याबाहेरचे जे जे काही, ते मोफसिल झाले. कलम वेगळे काढल्याने ते अधिक स्पष्ट दिसते, ही मूळ कल्पना मागे पडली. मुख्य जागेपासून वेगळे म्हणजे कमी, ही नवी कल्पना तिच्या जागी आली.

कायद्याच्या भाषेत या शब्दाचे वजन किती होते, याची साक्ष १८८३ सालच्या इल्बर्ट विधेयकाच्या वादात मिळते. त्या काळी मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाख्याच्या शहरांत हिंदी न्यायाधिकाऱ्याला युरोपीय आरोपीचा खटला चालविता येई. पण त्याच अधिकाऱ्याची बदली मोफसिलात झाली की तो अधिकार त्याच्या हातून जाई. माणूस तोच, विद्या तीच, परीक्षाही तीच. केवळ जागा बदलल्याने त्याची लायकी कमी ठरे. ही विषमता काढून टाकावी म्हणून विधेयक आले, तर युरोपीय समाजाने एवढे काहूर माजविले की १८८४च्या आरंभी सरकारला तडजोड करावी लागली. खटला हिंदी अधिकाऱ्यापुढे चालला तरी निम्म्याहून कमी नाहीत इतके युरोपीय किंवा अमेरिकन पंच मागण्याचा हक्क त्या आरोपीला मिळाला.

महाराष्ट्रातही ही विभागणी खोल रुजली. मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले, ते शहरातील सुप्रीम कोर्ट आणि इलाख्याची सदर अदालत यांना एकत्र करून. म्हणून त्या न्यायालयाच्या 'मूळ शाखा' आणि 'अपील शाखा' अशा दोन बाजू राहिल्या. शहराचे दावे पहिल्या बाजूला आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारी अपिले दुसऱ्या बाजूला. ठाण्याचा, सोलापूरचा, रत्नागिरीचा पक्षकार मुंबईच्या वकिलाच्या तोंडी मोफसिलचा पक्षकार ठरे.

आता या शब्दाचा सर्वांत गमतीचा गुण सांगावयाचा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन विद्वानांनी हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत रुळलेल्या देशी शब्दांचा एक प्रचंड कोश रचला. तो १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' या विनोदी नावाने प्रसिद्ध झाला. त्या कोशाने या शब्दाचा अर्थ देताना एक गोष्ट बरोबर हेरली आहे. मोफसिल कोणते, हे बोलणारा कोठे बसला आहे त्यावर अवलंबून असते. कलकत्त्यात बसलेल्या माणसाला शहराबाहेरचा सगळा बंगाल मोफसिल. पण बनारसमध्ये बसलेल्याला बनारस हेच ठाणे, आणि त्या शहराबाहेरचा आपला जिल्हा किंवा प्रांत हा मोफसिल.

हेच माप रामाकोन्याच्या वाटेला लावून पाहावे. मुंबईच्या बातमीदाराला नागपूर मोफसिल. नागपूरकराला छिंदवाडा मोफसिल. छिंदवाड्याच्या कचेरीतून पाहिले तर सौंसर मोफसिल. सौंसरहून रामाकोना मोफसिल, आणि रामाकोन्याच्या बाजारात दुकान मांडून बसलेल्याला घाटाच्या अंगची पाडे-वस्त्या मोफसिल. ही साखळी कोठेच संपत नाही. प्रत्येक जण कोणाचा तरी सदर आहे आणि कोणाचा तरी मोफसिल. मराठीत याला जवळचा शब्द शोधावयाचा तर 'ग्रामीण' चालणार नाही, कारण मोफसिलात मोठी शहरेही येतात. 'बाहेरगावचा' हा त्यातल्या त्यात जवळचा. बाहेरगाव हे देखील बोलणाऱ्याच्या गावावरून ठरते. फरक एवढाच की बाहेरगाव म्हणताना कोणी कोणाला खाली लेखीत नाही. मोफसिल म्हणताना सत्तेची खुर्ची कोठे आहे हे मनात असते.

आणि सत्तेची खुर्ची तर सारखी हलत असते. या भागाचा इतिहासच त्याचा पुरावा आहे. आज छिंदवाडा जिल्ह्यातील देवगड हे डोंगरावरचे किल्ल्याचे ठिकाण आहे आणि नागपूर हे मोठे महानगर. परंतु एके काळी देवगड ही गोंड राज्याची राजधानी होती. तेथील राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली खाली मैदानात नागपूर वसविले. त्या घडीला देवगड सदर होते आणि नागपूर मोफसिल! पुढे राजधानी नागपुरास आली, भोसल्यांनी ती वाढविली, आणि देवगड मागे पडले. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला तेव्हा नागपूर हेच त्याचे मुख्य ठाणे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. एका रात्रीत नागपूरचे राजधानीपण संपले, आणि रामाकोन्याची राजधानी जवळच्या नागपुराहून कितीतरी लांबच्या भोपाळला गेली. गाव जागचे हलले नाही. त्याचे सदर मात्र बदलले.

हा क्रम तेथेही थांबला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. कालपर्यंत जे पांढुर्णा छिंदवाड्याचे मोफसिल होते, ते स्वतःच जिल्ह्याचे ठाणे झाले. ज्या शब्दाचा अर्थ सरकारी राजपत्राच्या एका पानाने फिरतो, तो शब्द कोणत्याही गावाच्या अंगचा गुण सांगू शकत नाही. मोफसिल हे गावाचे वर्णन नव्हे. ते पाहणाराच्या अंतराचे वर्णन आहे.

तरीही माणसे त्याचा गुणदोषासारखा उपयोग करतात. ही खोड एकट्या इंग्रजीची नाही. लॅटिनमध्ये शेतवाडीवर राबणाऱ्यासाठी जो शब्द होता, त्यापासून इंग्रजीत 'व्हिलन', म्हणजे खलनायक, हा शब्द तयार झाला. उलट शहरासाठी जो शब्द होता, त्यापासून 'अर्बेन', म्हणजे सुसंस्कृत, हा शब्द झाला. संस्कृत साहित्यशास्त्रानेही 'ग्राम्य' हा काव्याचा दोष गणला. मराठीत 'गावंढळ' आहे, 'खेडवळ' आहे. परंतु मराठीने एक न्याय केला आहे. ज्या 'गाव' शब्दापासून तिने गावंढळ केला, त्याच शब्दापासून 'गावरान' हाही केला. गावरान तूप, गावरान आंबा, गावरान कोंबडी म्हटले की शहरातला माणूस दोन पैसे जास्त मोजतो. म्हणजे गावाकडे पाहण्याच्या दोन्ही दृष्टी मराठीच्या पोटात आहेत. मुफस्सल या शब्दाच्या पोटातही त्या होत्या. इंग्रजीत येताना त्यातली एक हरवली, इतकेच.

ती हरवलेली दृष्टी परत मिळते ती माणूस ठाणे सोडून मुलखात जातो तेव्हा. याचे एक उदाहरण मराठी माणसाला जिव्हाळ्याचे वाटेल असे आहे. जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात १८१६ साली जन्मलेला वकील व लेखक. तो हिंदुस्थानात आला आणि १८४५ साली त्याने एक इंग्रजी वर्तमानपत्र काढले. पत्राचे नाव त्याने मुद्दाम 'मोफसिलाइट', म्हणजे मुफस्सलवाला, असे ठेवले. ज्या शब्दाने कलकत्त्याचे साहेबलोक बाहेरच्यांना नाक मुरडीत, तोच त्याने मिरविला. कंपनी सरकारवर टीका करण्यात हे पत्र कचरत नसे. १८५१ साली जोतीप्रसाद नावाच्या व्यापाऱ्याचे प्रकरण लढविताना लँग कंपनीविरुद्ध उभा राहिला आणि जिंकला.

१८५३च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले आणि कंपनीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्याचे ठरविले. तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी सल्ल्यासाठी ज्याला बोलाविले तो हाच मुफस्सलवाला. १८५४ साली तो झाशीला गेला, राणींना भेटला, त्यांची बाजू त्याने समजून घेतली. अर्जाचा उपयोग झाला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु लँगने पुढे आपल्या प्रवासवर्णनात त्या भेटीची हकीकत लिहिली. झाशी न देण्याविषयीचे राणींच्या तोंडचे जे वाक्य आज पोराबाळांना पाठ आहे, त्याचा जुना लेखी आधार म्हणजे लँगची ही हकीकत. कलकत्त्याच्या दप्तरात झाशी हे खालसा करावयाच्या संस्थानांतले एक कलम होते. त्या कलमाचा तपशील मिळाला तो तेथे प्रत्यक्ष गेलेल्या माणसाकडून. लँग १८६४ साली मसुरीला वारला. त्याची विस्मृत कबर पुढे १९६४ साली रस्किन बाँड या लेखकाने शोधून काढली.

दुरून पाहणे आणि जवळून पाहणे यांतला हा फरक पांढुर्ण्याच्या बाबतीत दरवर्षी दिसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. ही गोटमार. माणसे जखमी होतात, कित्येकदा प्राणही गेले आहेत, आणि ती थांबावी म्हणून प्रशासनाने वेळोवेळी प्रयत्न केले आहेत. राजधानीच्या वर्तमानपत्रात पांढुर्ण्याचे नाव ठळकपणे येते ते बहुतेक त्याच दिवशी. उरलेले ३६४ दिवस त्या गावात शाळा भरतात, बाजार भरतो, भोवतालच्या बागांतून संत्र्याच्या गाड्या लागतात, हे बातमीत येत नाही. गोटमारीची बातमी खोटी नसते, आणि ती चांगली गोष्ट आहे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु एका गावाची बेरीज एका कलमावर संपविली, तर तो हिशेब झाला नाही.

संत्र्याचे उदाहरण याहून बोलके आहे. सौंसर आणि पांढुर्णा या पट्ट्यात संत्र्याचे दोन बहार घेतात. थंडी सरताना फुलतो तो आंबिया बहार, आणि त्याची फळे पावसाळ्यानंतर हिवाळ्याच्या तोंडी येतात. पावसाच्या आरंभी फुलतो तो मृग बहार, आणि त्याची फळे होळीच्या सुमारास तयार होतात. कोणता बहार धरावयाचा, त्यासाठी झाडाला पाण्याचा ताण किती दिवस द्यावयाचा, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात पुरेल की नाही, हा सगळा विचार बागायतदाराला आधी करावा लागतो. पाऊस लांबला तर फूल येत नाही, अवेळी आला तर गळते. ही फळे बाहेर जातात तेव्हा जातीच्या नावाने जातात, आणि जातीचे नाव आहे 'नागपुरी'. मोफसिलचे फळ आणि सदरचे नाव! खाणाऱ्याला नागपूर माहीत होते. ज्या शेतकऱ्याने झाडाला ताण दिला, त्याचे गाव माहीत होत नाही.

शब्द म्हणून 'मोफसिल' आज कोठे उरला आहे, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडातल्या शब्दकोशात तो आहे, पण बोलण्यात नाही. आपल्या देशात मात्र तो अनेक ठिकाणी जिवंत आहे. बंगाली भाषेत 'मफस्सल' हा नित्याचा शब्द आहे. तामिळनाडूत आणि केरळात बाहेरगावच्या गाड्या सुटतात त्या स्थानकांना इंग्रजीत मोफसिल स्थानक म्हणण्याचा प्रघात पडला. चेन्नईत कोयंबेडू येथे २००२ साली जे विस्तीर्ण स्थानक सुरू झाले, त्याच्या मूळ नावातच हा शब्द होता. २०१८ साली त्याला एम. जी. रामचंद्रन यांचे नाव देण्यात आले. इयन जॅक या ब्रिटिश पत्रकाराने भारतातील आपल्या अनुभवांवर लिहिलेले पुस्तक २०१३ साली निघाले, त्याचे नाव 'मोफसिल जंक्शन' असे आहे. ज्या शब्दाकडे साहेबाने तुच्छतेने पाहिले, तो आता त्याच्याच देशाच्या लेखकाला पुस्तकाच्या कव्हरावर मिरवावासा वाटला.

वर्तमानपत्राच्या कचेरीतही त्याची एक जागा होती. बाहेरगावी जाणारी 'डाक आवृत्ती' शहराच्या आवृत्तीआधी छापून गाडीवर चढवावी लागे, म्हणून रात्रीची शेवटची बातमी तिच्यात नसे. मोफसिलच्या वाचकाला ती दुसऱ्या दिवशी वाचावी लागे. उलट मोफसिलचा बातमीदार जी बातमी पाठवी, ती ठाण्याच्या टेबलावर कापून चार ओळींची होई. बाहेर जाणारी बातमी उशिरा पोचे आणि बाहेरून येणारी तोकडी होई. ही तार-टपालाची अडचण होती, तशीच ती दृष्टीची सवयही होती. तार गेली आहे आणि बातमी आता क्षणात पोचते. सवय गेली आहे काय, हे ज्याने त्याने पाहावे.

मग हे विशेषण वापरावे की टाकावे? टाकण्याचे कारण नाही. शब्दाने काही अपराध केलेला नाही. तो वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे. पहिली ही की, मोफसिल हा सापेक्ष शब्द आहे. तो उच्चारणाऱ्याने आपण कोठे उभे आहोत हे आधी सांगितले पाहिजे. दुसरी ही की, त्याचा धाकटा भाऊ तपशील आपल्या घरात आहे आणि त्याला विसरून त्याचा अर्थ लावता येत नाही. राज्याची, देशाची, भाषेची एकूण रक्कम राजधानीत मांडली जाते हे खरे. परंतु ती रक्कम ज्या कलमांची बनते, ती कलमे बाहेर असतात. खालचा तपशील जुळला नाही तर वरची बेरीज खरी धरीत नाहीत, हे मोडी लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक होते.

रामाकोन्याच्या शाळकरी मुलाने इंग्रजी शब्दकोशात हा शब्द पाहिला आणि आपले गाव त्यात बसते हे त्याच्या लक्षात आले, तर त्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. घरी मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांतून त्याचा दिवस जातो. जिल्हा नवा, राजधानी लांब, नागपूर जवळ आणि देवगडचा जुना किल्ला वर डोंगरात. इतकी कलमे ज्याच्या एका गावाच्या हिशेबात आहेत, त्याने 'मुफस्सल' या शब्दापुढे शब्दकोशातला अर्थ लिहावा, आणि त्याच्याखाली आपल्या हाताने दुसराही लिहावा : तपशीलवार.